डेटाबेससाठी खास हार्डवेअर घ्यावं का? आधी तो कशासाठी थांबलाय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातली पतसंस्था, चौदा शाखा, तीन लाखांच्या आसपास खाती आणि मुख्य कार्यालयात पाच वर्षांपूर्वी घेतलेला एकच सर्व्हर. त्यात रेड कार्डावर (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) १०,००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या घेणाऱ्या सहा सॅस डिस्क रेड-५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी मांडणी) लावलेल्या, ६४ जीबी रॅम, पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर, डेटाबेस साधारण १८० जीबी. गेल्या काही महिन्यांपासून तिमाही व्याज आकारणी रात्री सुरू केली की सकाळी काउंटर उघडेपर्यंत संपत नाही. संध्याकाळी पिग्मी एजंट आपापली मशीन जोडायला लागले की सगळं अडकतं. कुणी तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेच्या बेरजांचा तक्ता) काढायला घेतली तर बाकीच्यांना हात बांधून बसावं लागतं. पुरवठादाराने दोन कोटेशन दिली आहेत: एक ऑल-फ्लॅश स्टोरेजचं (सर्व्हरबाहेरचा, फक्त फ्लॅश चिपांवरचा साठा), दुसरं जीपीयू कार्ड (मूळचं चित्रांसाठीचं, एकाच वेळी हजारो हिशेब करणारं) असलेल्या ‘डेटाबेस ॲक्सिलरेटर’ सर्व्हरचं. संचालक मंडळाची बैठक तोंडावर आहे. यातलं काय घ्यावं आणि जीपीयू, एफपीजीए (ठरावीक कामासाठी आतली जोडणी बदलता येणारी चिप) असल्या कार्डांनी डेटाबेस खरंच वेगवान होतो का, असं तुम्ही विचारलंय.

होतो. काही कामांसाठी तर प्रचंड होतो. पण तुमच्या तीन तक्रारी ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यातल्या दोनांवर, म्हणजे व्याज आकारणी आणि पिग्मीवर, जीपीयूचा काडीचाही उपयोग नाही. तिसऱ्या तक्रारीवर, तेरजेवर, तो होऊ शकतो, पण त्यासाठी एवढा खर्च करायची गरज तुमच्या आकाराच्या डेटाबेसला नाही. ऑल-फ्लॅश स्टोरेजने तिन्हींना आराम पडेल हे खरं. पण जो मुख्य अडसर मला दिसतोय तो त्याच्या खर्चाच्या छोट्याशा हिश्श्यात निघतो. असं का म्हणतोय ते सविस्तर सांगतो. मी पतसंस्था, बाजार समित्या, साखर कारखाने अशा ठिकाणचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे तुमचं चित्र माझ्या ओळखीचं आहे. तरीही तुमचा सर्व्हर मी पाहिलेला नाही. जिथे जिथे मोजून खात्री करायला हवी, तिथे तसं म्हणेन.

डेटाबेस हळू आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो राबत नसतो, थांबलेला असतो. कमिट, म्हणजे व्यवहारावरचा शेवटचा शिक्का, डिस्कवर पक्का होण्यासाठी थांबतो, डेटाचं पान डिस्कवरून येण्यासाठी थांबतो, प्रोसेसर मोकळा होण्यासाठी थांबतो, नाहीतर चक्क ॲप्लिकेशनच्या पुढच्या हुकमासाठी थांबतो. यातल्या पहिल्या तीन कारणांवर वेगवेगळं हार्डवेअर आहे, चौथ्यावर काहीच नाही. म्हणून कोटेशन बाजूला ठेवून आधी हे शोधायचं. पोस्टग्रेसमध्ये ते सोपं आहे. चालू सेशन (डेटाबेसला झालेल्या जोडण्या) दाखवणारा जो व्ह्यू आहे (पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी), त्यात ‘वेट इव्हेंट’ नावाचा रकाना असतो. आकारणी सुरू असताना दर सेकंदाला तो एका फाइलमध्ये उतरवून घ्या, अर्धा तास पुरे. मग कुठलं नाव किती वेळा आलं ते मोजा. ‘वॉल-सिंक’ किंवा ‘वॉल-राइट’ पुन्हा पुन्हा दिसलं तर कमिटचा अडसर. ‘डेटा-फाइल-रीड’ दिसलं तर वाचनाचा. रकाना रिकामा आणि सेशन ॲक्टिव्ह, तर बहुधा प्रोसेसरचं काम. आणि ‘क्लायंट-रीड’ दिसलं तर डेटाबेस स्वतः मोकळा आहे, ॲप्लिकेशनच उशीर करतंय.

माझा अंदाज असा की व्याज आकारणीत तुम्हाला पहिलं दिसेल. तुम्ही लॉगचा जो तुकडा दिलाय त्यात प्रत्येक खात्यासाठी व्हाउचर, खतावणी, शिल्लक आणि हालचालींची नोंद अशी चार वेळा लिखाई होते आणि प्रत्येक लिखाईनंतर वेगळा कमिट आहे. तीन लाख खाती म्हणजे बारा लाख कमिट, एकापाठोपाठ एक. कमिट झाला असं सांगण्याआधी पोस्टग्रेसला आपल्या वॉलमधली, म्हणजे आगाऊ लिहिलेल्या रोजकीर्दीतली ती नोंद डिस्कवर कायमची उतरली याची खात्री करावी लागते. यालाच एफसिंक म्हणतात. वीज गेली तरी नोंद राहिली पाहिजे, हा त्यामागचा करार. पैशाच्या व्यवहारात या करारात सूट नाही.

आता १०,००० आरपीएमची डिस्क एक फेरी ६ मिलिसेकंदांत पूर्ण करते. रेड-५ वर छोटी लिखाई करायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत उभा करायची ताळ्याची नोंद) वाचा, मग नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशा चार क्रिया होतात. एका कमिटला १० मिलिसेकंद धरले तरी बारा लाख कमिटना १२,००० सेकंद लागतात, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. आणि हा फक्त शिक्का मारण्याचा वेळ झाला. पानांचं वाचन, इंडेक्स, चेकपॉइंट (मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवणं), वर बॅकअप हे सगळं त्याच डिस्कवर चाललं की रात्र पुरत नाही.

पण मग पहिली चार-साडेचार वर्षं हेच काम वेळेत कसं व्हायचं? तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला तपशील हाच आहे. खाती दुप्पट झालेली नाहीत, सॉफ्टवेअर तेच आहे, तरी ‘गेल्या काही महिन्यांपासून’ काम बिघडलं. पाच वर्षांचा सर्व्हर आणि अचानक आलेला संथपणा म्हटलं की मी सर्वांत आधी रेड कार्डाची बॅटरी बघतो.

तुमच्या रेड कार्डावर स्वतःची थोडी मेमरी असते. बॅटरी चांगली असेल तोवर कार्ड लिखाई त्या मेमरीत घेऊन लगेच ‘झालं’ म्हणतं आणि डिस्कवर सवडीने उतरवतं. हा राइट-बॅक प्रकार. मध्येच वीज गेली तर बॅटरी ती मेमरी जिवंत ठेवते, म्हणून करार मोडत नाही. बॅटरी संपली की कार्ड स्वतःहून राइट-थ्रूवर जातं, म्हणजे डिस्कची तबकडी फिरून लिखाई होईपर्यंत कुणालाच ‘झालं’ म्हणत नाही. कार्डाचं वागणं बरोबरच आहे, ते तुमचा डेटा वाचवतंय. पण जो कमिट मिलिसेकंदाच्या एका अंशात व्हायचा तो एकदम दहा मिलिसेकंदांवर जातो. सर्व्हर बंद पडत नाही, स्क्रीनवर कसली चूक येत नाही, कार्डाच्या लॉगमध्ये एखादी ओळ पडून असते आणि ती कुणी उघडून पाहत नाही.

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हा प्रकार मी अगदी जवळून पाहिला. ऐन गळीत हंगामात ठरावीक दिवसांच्या अंतराने काही तासांसाठी काट्याची पावती निघायला वेळ लागायचा आणि गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायची. नेटवर्क बदललं, प्रिंटर बदलला, फरक पडेना. कार्डाचा लॉग काढला तेव्हा दिसलं की जुन्या पद्धतीची बॅटरी आपली क्षमता तपासायला मधूनमधून स्वतःला पूर्ण रिकामी करून पुन्हा भरत होती आणि तेवढा वेळ कार्ड राइट-थ्रूवर जात होतं. लॉगमधल्या वेळा आणि काट्यावरच्या तक्रारवहीतल्या वेळा तंतोतंत जुळल्या. बॅटरीची चाचणी काटा बंद असण्याच्या वेळेला लावली आणि हंगाम सुरळीत पार पडला. नव्या कार्डांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि थोडा फ्लॅश असतो, त्यांना हा त्रास कमी. पण तीही कधी ना कधी जुनी होतातच.

तुमच्याकडे हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. कार्डाच्या कमांडलाइन टूलमधून व्हर्च्युअल डिस्कचा तपशील काढा. त्यात कॅश पॉलिसी दोनदा लिहिलेली असते: ‘डिफॉल्ट’ आणि ‘करंट’. डिफॉल्टपुढे राइट-बॅक आणि करंटपुढे राइट-थ्रू असेल तर तुमचा चोर सापडला. बॅटरीची स्थितीही तिथेच कळते. बॅटरी बदलून आधी व्याज आकारणी किती वेळात होते ते पाहा आणि मगच मंडळापुढे जा.

इथे एक इशारा कळकळीने देतो. त्याच टूलमध्ये ‘बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक ठेवा’ अशी सोय असते. ती लावली की सगळं क्षणात वेगवान होतं आणि बऱ्याच ठिकाणी तात्पुरतं म्हणून ती लावून ठेवलेली मी पाहिली आहे. कृपया करू नका. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळतो, मदरबोर्ड जातो, सफाई करताना केबल निघते, तिथे यूपीएस काही करू शकत नाही. तेवढ्या क्षणी कार्डाच्या मेमरीत असलेली लिखाई गेली की फक्त शेवटचे काही व्यवहार जात नाहीत, अर्धवट लिहिलेल्या पानांमुळे अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो. पोस्टग्रेसमधली ‘एफसिंक बंद’ ही सेटिंगही त्याच माळेतली. ठेवीदारांचे पैसे ज्या सर्व्हरवर आहेत तिथे तिला हात लावायचा नाही.

आता नवीन काही घ्यायचंच झालं तर काय? पाच वर्षांच्या डिस्क तशाही बदलायला आल्यात, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. कमिटच्या दुखण्यावर आज सर्वांत परिणामकारक असलेलं खास हार्डवेअर म्हणजे एसएसडीच्या (फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपांवर साठवणाऱ्या डिस्कच्या) पट्टीवर ओळीने बसवलेले काही कपॅसिटर. एंटरप्राइझ दर्जाच्या एसएसडीत ते असतात, घरगुती एसएसडीत बहुधा नसतात. कारण असं: एसएसडीसुद्धा लिखाई आधी आपल्या आतल्या मेमरीत घेते. एफसिंक आला की कपॅसिटर नसलेल्या एसएसडीला ती लिखाई आणि आपला आतला नकाशा खरोखर फ्लॅशवर उतरवावा लागतो आणि फ्लॅशची लिखाई सावकाश होते. म्हणून प्रत्येक एफसिंकला अर्ध्या मिलिसेकंदापासून कित्येक मिलिसेकंद जातात. कपॅसिटर असलेली एसएसडी मात्र लगेच ‘झालं’ म्हणू शकते, कारण वीज गेली तरी मेमरीतलं सगळं फ्लॅशवर उतरवायला पुरेल एवढी ऊर्जा तिच्याकडे साठवलेली असते. तिथे एफसिंक काही दहा मायक्रोसेकंदांत होतो. तुमचे तेच बारा लाख कमिट ५० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने मिनिटभरात बसतात. बाकीचं काम धरून आकारणीला जास्त वेळ लागेल, पण तो वेळ शिक्क्यासाठी थांबण्यात जाणार नाही.

दुकानदार तुम्हाला ‘दहा लाख आयओपीएस’ (सेकंदाला वाचन-लिखाईच्या तेवढ्या मागण्या) दाखवेल. हा आकडा खोटा नसतो, पण तो शेकडो मागण्या एकाच वेळी रांगेत लावून मिळवलेला असतो. तुमची आकारणी एका वेळी एकच मागणी करते. एका मागणीला १०० मायक्रोसेकंद लागत असतील तर सेकंदाला फार तर १०,००० होतील, डिस्क दहा लाखांची असो की वीस लाखांची. म्हणून घेण्याआधी चाचणी मागा: ४ केबीचे ब्लॉक, रांगेत एकच मागणी, प्रत्येक लिखाईनंतर एफसिंक. एफआयओ या मोफत टूलने हे होतं आणि पोस्टग्रेसबरोबर येणारं पीजी-टेस्ट-एफसिंकसुद्धा हेच मोजतं. चाचणीपूर्वी डिस्क एक-दोनदा पूर्ण भरून घ्या. कोऱ्या एसएसडीचा वेग आणि चार महिने वापरलेल्या एसएसडीचा वेग यांत फार फरक असतो. कपॅसिटर नसलेल्या स्वस्त एसएसडीवर एफसिंक संशयास्पद वेगवान आला तर खूश होऊ नका. काही डिस्क लिखाई न उतरवताच ‘झालं’ म्हणतात.

माहितीपत्रकातही एक खाचखळगा आहे. ‘वीज गेल्यावर संरक्षण’ असे शब्द घरगुती डिस्कवरही कधीकधी दिसतात, पण तिथे अर्थ एवढाच असतो की आधीच उतरलेला डेटा खराब होणार नाही. वाटेत असलेल्या डेटाचं संरक्षण आहे का हे स्पष्ट विचारा. टिकाऊपणाचं माप ‘दिवसाला किती वेळा पूर्ण लिहिता येईल’ असं दिलेलं असतं. १.९२ टीबीच्या डिस्कला पाच वर्षांसाठी दिवसाला एकदा असं माप असेल तर एकूण ३,५०४ टीबी लिहिता येतं. तुमचा डेटाबेस १८० जीबीचा, त्यामुळे तुम्हाला तेवढं पुष्कळ झालं. दिवसाला तीनदावाली महाग डिस्क घ्यायची गरज नाही. दोन डिस्क घ्या, मिरर करा (दोन्हींवर तीच प्रत), एक जास्तीची कपाटात ठेवा. फक्त आधी बघा की तुमच्या सर्व्हरमध्ये यू-डॉट-टू एनव्हीएमईची (वेगवान जोडणीच्या एसएसडीची) जागा आहे का. नसेल तर कपॅसिटरवाल्या सॅटा (SATA, जुन्या आणि त्याहून सावकाश जोडणीच्या) एसएसडीसुद्धा चालतील. सॅटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, पण तुमचं दुखणं एमबीचं नाहीच, थांबण्याचं आहे.

एक पैसाही खर्च न करता होण्यासारखं बरंच आहे, तेही सांगतो, कारण हार्डवेअरच्या आधी हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा की आकारणी एक-एक खात्याऐवजी हजार-हजार खात्यांच्या गटाने कमिट करता येईल का. बारा लाखांचे तीनशे कमिट होतात. बाजारातलं कुठलंही कार्ड एवढा फरक पाडू शकत नाही. ते जमत नसेल तर आकारणी शाखांप्रमाणे चौदा सेशनमध्ये समांतर चालवता येते का पाहा. एकाच वेळी आलेले अनेक कमिट पोस्टग्रेस एका एफसिंकमध्ये उरकतो, त्यामुळे थांबणं वाटलं जातं. तिसरा उपाय असा की फक्त त्या सेशनपुरता ‘सिंक्रोनस कमिट’ बंद ठेवायचा. यात डेटाबेस खराब होत नाही. क्रॅश झाला तर शेवटच्या क्षणांतले कमिट जाऊ शकतात, नेहमीच्या सेटिंगला जास्तीत जास्त ०.६ सेकंदांतले. आकारणी जिथे थांबली तिथून पुन्हा सुरू करता येत असेल तर हे चालतं, शेवटी एक साधा कमिट केला की आधीचं सगळं पक्कं होतं. काउंटरवरच्या रोख व्यवहारांना आणि पिग्मीच्या भरण्याला मात्र ही सूट देऊ नका. एजंटाच्या मशीनवर ‘जमा झाले’ असं उमटलं की ते जमाच असलं पाहिजे.

संध्याकाळचा पिग्मीचा गोंधळ बहुधा त्याच कारणाचा आहे. पाच ते सातच्या दरम्यान सगळ्या शाखांतून हजारो छोट्या नोंदी येतात, प्रत्येकीचा वेगळा कमिट. बॅटरी किंवा कपॅसिटर यांपैकी जे बसवाल त्याने हाही सुटायला हवा. मात्र इथे ‘क्लायंट-रीड’ दिसतंय का ते नक्की बघा. शाखेचं मशीन एक नोंद पाठवून उत्तराची वाट बघत असेल, मग दुसरी पाठवत असेल, आणि मधली लाइन ३० मिलिसेकंदांची असेल, तर हजार नोंदींना अर्धा मिनिट नुसतं येण्याजाण्यात जातं. मुख्य कार्यालयात सोन्याचा सर्व्हर ठेवला तरी ते बदलणार नाही.

आता तेरीज. हे दुखणं खरोखर वेगळं आहे. काउंटरवर एखाद्या खात्याची शिल्लक बघताना पोस्टग्रेस इंडेक्समधून चार-पाच पानं वाचतो, प्रत्येक पान ८ केबीचं. तेरजेला मात्र वर्षभराच्या खतावण्या चाळून बेरजा कराव्या लागतात. इथे डेटा किती वेगाने पुढे सरकतो याला महत्त्व येतं आणि खास हार्डवेअरचा सगळा इतिहास याच कामाभोवती घडलाय.

कल्पना जुनी आहे. टेराडेटा या कंपनीने आपलं डीबीसी-१०१२ हे डेटाबेससाठीच बांधलेलं यंत्र १९८४ मध्ये बाजारात आणलं. त्याच्या आदल्याच वर्षी हारान बोराल आणि डेव्हिड डेविट या संशोधकांनी एका निबंधात विचारलं होतं की डेटाबेससाठी खास यंत्रं बांधायचा काळ सरला का. त्यांचा मुद्दा असा होता की प्रोसेसर वेगवान होत चाललेत, पण डिस्क त्या मानाने सुधारत नाहीत, मग डिस्कला खास प्रोसेसर जोडून साधणार काय? पुढे नेटेझाने या अडचणीतून वाट काढली. त्यांनी डिस्कजवळ एफपीजीए चिप बसवली. दाबून ठेवलेला डेटा उलगडणं, नको असलेले रकाने आणि ओळी गाळणं हे ती चिप वाटेतच करायची, त्यामुळे मुख्य प्रोसेसरपर्यंत थोडाच माल पोचायचा. आयबीएमने ती कंपनी २०१० मध्ये विकत घेतली. ओरॅकलने २००८ साली एक्साडेटा आणलं, त्यातलं स्मार्ट स्कॅन त्याच विचाराचं: गाळणी स्टोरेज सर्व्हरमध्येच. फरक एवढाच की त्यासाठी नेहमीचेच प्रोसेसर वापरले. दोन्हींत मर्म एकच आहे, डेटा हलवणं कमी करणं. चिप कुठली ते दुय्यम. आणि दोन्हींचा खरा फायदा मोठ्या चाळणीला. शिल्लक बघताना पाच पानं वाचायची असतील तर त्यात गाळायला आहे काय?

जीपीयूचंही तसंच. एनव्हिडियाच्या २०२० च्या ए-१०० कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला दीड टीबीच्या घरात आहे, बेरजा-गटवारीला त्याच्यापुढे साधा प्रोसेसर टिकत नाही. पण डेटा त्या कार्डापर्यंत पीसीआयच्या (मदरबोर्डला कार्डं जोडणाऱ्या) रस्त्याने जायला हवा. चौथ्या पिढीच्या सोळा लेनचा रस्ता सेकंदाला ३२ जीबीच्या आत आहे आणि डिस्कवरून यायचं असेल तर त्याहून कमी. शिवाय मूळ पोस्टग्रेस जीपीयू वापरतच नाही. त्यासाठी पीजी-स्ट्रॉमसारखं एक्स्टेन्शन लावावं लागतं. अब्जावधी ओळींचं विश्लेषण रोज करणाऱ्यांना ते घेण्यात अर्थ आहे. इंटेलने २०२३ पासून सर्व्हरच्या काही प्रोसेसरांत डेटा दाबण्या-उलगडण्याचे वेगळे विभाग दिलेत, त्यांनाही हाच नियम: सॉफ्टवेअरने ते वापरायला हवेत. क्लिकहाउस या डेटाबेसने काही काळ त्यासाठी खास कोडेक (डेटा दाबण्याची पद्धत) ठेवला होता. तुमचं सॉफ्टवेअर ते वापरत नसेल तर ते विभाग नुसते बसून राहतात. पुरवठादाराला एकच प्रश्न विचारा: आमच्या सॉफ्टवेअरमधली कुठली क्वेरी या कार्डावर चालणार, ते क्वेरी प्लॅनमध्ये दाखवा. उत्तर मिळालं नाही तर कोटेशन परत करा.

तुमच्या तेरजेला काय पुरेल? जुन्या डिस्क सेकंदाला २०० एमबी देत असतील तर अख्खा १८० जीबी वाचायला पंधरा मिनिटं लागतात. सेकंदाला ६ जीबी देणारी एनव्हीएमई तेवढं अर्ध्या मिनिटात देईल, जरी पोस्टग्रेसची एक प्रक्रिया तेवढा वेग पचवू शकत नसली तरी. त्यापेक्षा रॅम २५६ जीबी करा, म्हणजे डेटाबेस जवळजवळ पूर्ण मेमरीत बसेल. रॅममधल्या डेटापर्यंत पोचायला सुमारे १०० नॅनोसेकंद, एनव्हीएमईवरच्या डेटापर्यंत सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट फरक. त्याच्याही आधी खतावणीचं टेबल आर्थिक वर्षाप्रमाणे विभागा आणि बंद झालेल्या महिन्यांच्या बेरजा एका सारांश टेबलात काढून ठेवा. मार्चच्या तेरजेला एप्रिलपासूनच्या सगळ्या ओळी पुन्हा मोजायचं कारणच नाही. आणि जमलं तर एक साधा दुसरा सर्व्हर रेप्लिका (डेटाबेसची सतत ताजी होणारी प्रत) म्हणून ठेवून अहवाल तिथे चालवा. काउंटरवरची माणसं तेरजेपायी थांबणार नाहीत आणि आज तुमच्याकडे मुळीच नसलेली पर्यायी व्यवस्था उभी राहील. एकाच सर्व्हरवर चौदा शाखा आहेत ही गोष्ट मला संथपणापेक्षा जास्त काळजीची वाटते.

खास हार्डवेअर घेताना त्याचं आयुष्यही बघावं. इंटेलची ऑप्टेन डिस्क २०१७ मध्ये आली, तेव्हा वॉलसाठी तिच्याइतकी चांगली वस्तू बाजारात नव्हती. १० मायक्रोसेकंदांत उत्तर, कोरी असो की वापरलेली, वेग तोच. पण करणारे दोघेच. मायक्रॉनने २०२१ मध्ये अंग काढलं आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने तो धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आजही जुन्या मालात ती मिळते आणि घरच्या प्रयोगाला उत्तम आहे. लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थेने मात्र एकाच कंपनीकडे मिळणाऱ्या वस्तूवर आपली रचना टांगू नये. कपॅसिटरवाली एसएसडी पाच-सहा कंपन्या बनवतात, एक गेली तर दुसरी लावता येते.

ऑल-फ्लॅश स्टोरेज वाईट नाही. दोन कंट्रोलर, स्नॅपशॉट, दुसऱ्या जागी प्रत पाठवण्याची सोय हे त्याचे खरे गुण आणि तीन-चार सर्व्हर एकाच साठ्यावर चालत असतील तर मी स्वतः ते सुचवतो. पण तुमच्याकडे सर्व्हर एकच. त्याच्या आत बसवलेल्या एसएसडीपेक्षा केबल आणि स्विचपलीकडचा साठा कमिटला थोडा जास्तच वेळ घेईल. पुढे कधी पुण्यात डेटा सेंटरमध्ये प्रत ठेवायचा विचार झाला तर हेही लक्षात असू द्या: फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. कोल्हापूर-पुणे २३० किलोमीटर धरले तर जाऊन येऊन २.३ मिलिसेकंद होतात, त्यात राउटरांचा वेळ वेगळा. प्रत्येक कमिट पुण्याच्या होकारासाठी थांबवला तर एसएसडीने वाचवलेला वेळ रस्त्यातच जाईल. पुण्याची प्रत मागाहून पोचू दे आणि होकारासाठी थांबायचंच असेल तर दुसरा सर्व्हर त्याच गावात ठेवा.

तर क्रम असा धरा. आज कार्डाची कॅश पॉलिसी आणि बॅटरी. या आठवड्यात वेट इव्हेंटची मोजणी तीनदा: आकारणी चालू असताना, पिग्मीच्या वेळी आणि तेरीज काढताना. त्यानंतर सॉफ्टवेअरवाल्यांशी गटाने कमिट करण्याबद्दल बोलणं. मग कपॅसिटरवाल्या दोन एसएसडी, रॅम आणि रेप्लिकासाठी दुसरा सर्व्हर. मंडळासमोर या तिसऱ्या पर्यायाचं कोटेशन घेऊन जा आणि त्यात दोन ओळी लिहून घ्या: वाटेतल्या डेटाला वीज गेल्यावर संरक्षण असलंच पाहिजे, आणि ४ केबी, रांगेत एक मागणी, प्रत्येक लिखाईला एफसिंक या चाचणीचा निकाल माल स्वीकारण्यापूर्वी आमच्या माणसासमोर दाखवावा लागेल. मोजणीत ‘क्लायंट-रीड’च वरचढ निघालं तर मात्र तिन्ही कोटेशन थांबवा. तेव्हा बोलणं सॉफ्टवेअर कंपनीशीच करावं लागेल. मोजणीच्या फाइली इथे टाकल्यात तर मी त्या बघेन.